चाळीस हात दोर

उद्यमनगरात मामाच्या शेडमध्ये, लेथच्या पायथ्याशी,
पोतं अंथरून सामान मांडलंय.
आज रात्री गाडी. पुढं गोरखपूर, तिथून बसनं सुनौली,
मग एका कमानीखालून चालत दुसऱ्या देशात.
सहा जण आम्ही, त्रिशूली नदीवर
बुडत्याला धरायचं शिकायला निघालोय.

सहा जाकिटं, नारिंगी. काखेत महापुराचा वास अजून.
त्यातल्या दोघांच्या पोटात अंगठ्याएवढी गॅसची नळी.
शिट्ट्या. आरसा. दोन वॉकीटॉकी.
आणि जुन्या उपरण्यात गुंडाळलेला
आबांचा लाल फ्लेअर.

चिखलीच्या त्या रात्री तीन होते.
एक पेटलाच नाही.
दुसरा आबांनी कौलावर उभं राहून वर धरला,
टपकणारा विस्तव मनगटावर घेत,
मोटरबोटीचा आवाज आमच्याकडं वळेपर्यंत.
तिसरा उरला.
उरलेलं टाकवत नाही आमच्यात.

काल आवटीकाका आले होते.
न्हावाशेव्याला कस्टममध्ये तीस वर्षं,
आता राजारामपुरीत कबुतरं पाळतात.
उकिडवे बसले, चष्मा कपाळावर.
"बिलं कुठायत?"
"पुरात वाटलेली जाकिटं, काका. बिलं कसली?"
"मग संस्थेचं पत्र. शिक्का. नगावारी यादी.
जाताना सहा, येताना सहा.
लपवलं की माल, पोरी. मांडलं की सामान."

वॉकीटॉकी त्यांनी पायानंच बाजूला सारल्या:
"बिनपरवान्याचा आवाज हद्दीपार न्यायचा नाही."
नळ्या काढायला लावल्या:
"तोंडानं फुगीव. छाती हाय न्हवं?"

उपरणं उलगडलं तेव्हा मात्र
बराच वेळ बोलले नाहीत.
"हे स्फोटक."
"ह्यानं आम्ही वाचलो, काका."
"वाचला की. पण कायद्याच्या वहीत
दोन्ही एकाच पानावर असतंय.
रेल्वेतच धरतील, सीमा लांबच.
आणि तारीख बघ, दोन वर्षं झाली मरून."

सकाळी अग्निशमन ठाण्यात दिला.
जवानानं उलटासुलटा बघितला,
वाळूच्या बादलीत आडवा निजवला, पोच लिहून दिली:
एक नग, जुना, निकामी.
शेवटचा शब्द मी आबांना वाचून दाखवला नाही.

आबा आयुष्यभर सीमाच ओलांडत आले.
खिद्रापुरातून नाव सोडायची, पैल जुगूळ,
ह्या काठाला पाटी मराठी, त्या काठाला कन्नड.
नावेत शेळ्या, खताची पोती,
एकदा ओटी भरलेली नवरी आणि तिची शिलाई मशीन.
कुणी यादी मागितली नाही.
नदीच्या मधोमध रेघ असते म्हणतात,
त्यांच्या वल्ह्याला ती कधी लागली नाही.

दुपारी एस्टीनं आले. खांद्यावर घायपाताचा दोर,
स्वतः वळलेला, तेल पाजलेला.
"ह्यो ने."
"आबा, नायलॉनचे आहेत आमच्याकडं."
"असूंदेत की."
यादी ओढून घेतली, पेन मुठीत धरून
सातव्या ओळीत लिहिलं:
दोर, एक. चाळीस हात.
"मीटरमध्ये लिहायचं असतं."
"मीटर कुणाचा? हात माझा हाय."

संध्याकाळी आवटीकाकांनी यादी तपासली.
सातव्या ओळीवर पेन थांबलं.
खोडलं नाही. क्रमांकाच्या रकान्यात
'नाही' असं लिहिलं आणि कबुतरांना दाणे टाकायला उठून गेले.

आता साडेसात. मामा शटर ओढतोय.
सुनौलीला कुणी दोर सोडायला लावला तर?
म्हणून मघाशी मोजून बघितला.
माझ्या हातानं त्रेचाळीस भरतो.
यादीत खाडाखोड नको.
खाली बारीक अक्षरात तेवढं लिहून ठेवलंय:
हात, आबांचा.