गुंजभर

इब्रीच्या क्लबात, मागच्या खोलीत दोन डबे.
एक जुना, पत्र्याचा, झाकणावर कुणाच्या तरी पेन्सिलीतली पुसट तारीख.
एक नवा, काळ्या प्लास्टिकचा, सील शाबूत.
मधे तराजू. तराजूसमोर मी,
भंडाऱ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं
दारूच्या कामाला होतो आणि थेंब कधी घेतला नाही.
(हा विनोद इथे कुणाला कळत नाही.
कुंजुमोनला समजावून सांगितला,
तो हसला, पण चहा देऊन गेल्यावर.)

जुनी दारू लांब कांडीची, हातशेवया मोडल्यासारखी.
मापाच्या नरसाळ्यात आडवी पडते, अडून बसते,
शेवटच्या चार काड्या चिमट्याने सोडाव्या लागतात.
नवी खसखशीसारखी ओघळते. तिला कुणाची गरज नाही.

खलफान म्हणतो, जुनीच भर.
त्याच्या बापाची बंदूक. दस्ता तीनदा सांधलेला,
सांध्यावर चांदीची तार.
म्हणतो, हिचा आवाज मला ओळखतो.

मी त्याला सांगतो आमच्या दोघांच्या मोडक्या हिंदीत:
जुनी ऊन बघून वागते, शेख.
जानेवारीच्या पहाटे शहाणी असते,
तीच जुलैत, गाडीच्या टपावर तापलेल्या काडतुसात
माथं फिरल्यासारखी करते. टोपी सपाट,
पितळ नळीला चिकटून बसतं,
बोल्ट उघडायला तळहाताचा मार.
नवीला पहाट काय आणि दुपार काय.

तो बराच वेळ दाराबाहेरच्या उन्हाकडे बघत राहिला.
मग म्हणाला,
ज्याला ऊन लागत नाही
त्याच्या शब्दावर मी बंदूक खांद्याला लावू?

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं.
मी जुन्या डब्याचं झाकण काढलं.

कारखान्यात पहिल्याच आठवड्यात
रहांगडाले साहेबांनी शिकवलं होतं: डोळ्याआधी नाक.
चांगल्या दारूला दवाखान्यासारखा वास असतो, किंचित गोड.
हिला आंबूस. झाकणाच्या आतून
तांबूस भुकटी, गंजासारखी, पण गंज नव्हे.
डबा मी खलफानच्या पुढे धरला.
तो मागे सरला.
उंटिणीचं नासलेलं दूध, म्हणाला,
आणि मग बापाच्या बंदुकीकडे बघितलंच नाही.

संध्याकाळी ती सगळी दारू
क्लबमागच्या खजुरांच्या आळ्यांत मूठमूठ विरळ पसरली.
नत्र असतं तिच्यात, झाडं खातात.
तिसऱ्या आळ्याशी हात थबकला होता, ते सांगायचं नाही.

रात्री नवीचं सील तोडलं.
सुरुवात पुस्तकातल्या सगळ्यात खालच्या आकड्यापासून,
मग वर, गुंजेच्या दहाव्या हिश्श्याने.
गुंज म्हणजे खरीच गुंज:
माझ्या खिशात एक आहे, लाल, काळ्या डोळ्याची,
लाखनीच्या सोनाराने मला पोरगा असताना दिलेली.
रोज काम सुरू करण्याआधी ती तराजूत टाकतो, नुसती सवय.
तिकडे एक पूर्णांक नऊ ग्रेन भरायची.
आज एक पूर्णांक आठ.
पोलादी वजन ठेवून पाहिलं. तराजू खरा.
म्हणजे वाळली ती.
चार वर्षांत कधी, ते कळलं नाही,
खिशात तर माझ्याच होती.

शुक्रवारी नमाजानंतर खलफानने पाच गोळ्या झाडल्या.
पाचही भोकं एका ओंजळीत मावतील अशी,
पण त्याची नजर होती तिच्या दोन बोटं खाली.
सहाव्याच्या वेळी मी बघत होतो:
त्याने बंदुकीला काही केलं नाही, मला काही म्हटलं नाही,
फक्त दोन बोटं वर बघायला लागला.

मग वाकून रिकामी पुंगळी उचलली,
अजून गरम, बोटांवर नाचवत नाकाशी नेली.
याला कशाचाच वास नाही, म्हणाला.

अजून नाही, म्हटलं.