सातवी जागा

रुद्राप्पा हतनुऱ्याच्या मोटारीत परवान्यावर माणसं सहा.
ड्रायव्हरशेजारी दोन,
मागे समोरासमोर बाकांवर दोन नि दोन,
गुडघ्याला गुडघा.
सातवं माणूस माझ्या बापानं केलं.

पिराजी सुतार. शिवणीची फळी, दीड हात लांब,
दोन्ही टोकांना खाच.
या बाकावरून त्या बाकावर टाकली की बसली,
ओढली की निघाली.
गाडी बेळगावच्या लष्करी लिलावातली, पत्रा गोऱ्यांचा,
इंजिन बाबालालच्या शिव्यांवर चालणारं,
फळी तेवढी आमची.
तिच्यावर बापानं आकडा रंगवला:
डावीकडं मराठी सात, उजवीकडं कानडी एळु.
"कुणी बी बसू दे, आपला नंबर वाचता यावा."
त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं,
दोन्ही आकडे कुठल्या तरी पाटीवरून उतरवले होते.

पुढची सीट आठ आणे. तिथं नदाफानं काथ्या भरलेली गादी,
तिथं कोर्टाचे लोक, पाय सोडून.
मागं सहा आणे.
फळीला चार. चार आण्यांत टेकायला मिळे,
रेलायला नाही. पाठीमागं दार, दाराला दोरी.

गंगव्वा बसे, पानांची डालगी मांडीवर घेऊन.
तवनाप्पाचा धाकटा बसे, झोपे, पडे.
एकदा एक बाळंतीण चढली, तिला बघून मागचे चौघं उठले,
पण टप बुटका,
तेव्हा वाकले, आणि वाकूनच गेले गडहिंग्लजपर्यंत.
आणि बाजारादिवशी बापाच्या मांडीवर मी, अर्ध्या तिकिटाची.
वर टपावर संकेश्वरी मिरचीची पोती.
पत्र्याच्या भोकांतून ठसका खाली यायचा,
कोर्टाचे लोकही शिंकायचे.

"सर की गं," हा बाक म्हणे.
"सरीरी," तो बाक म्हणे.
मी दोन्हीकडं सरे,
म्हणजे होते तिथंच राही.

नाका आला की बाबालाल हॉर्न न देता थांबे.
सत्याप्पा क्लीनर फळी ओढून बाकाखाली सारी.
सातवं माणूस उतरून नाक्यावरून चालत जाई,
जणू मोटार कुणाची, आपण कोण.
शिपाई मोजे. सहा.
पलीकडं चिंचेखाली मोटार थरथरत उभी.
शिपायाला सगळं ठाऊक.
गंगव्वा त्याला जाता जाता दोन पानं देई.

नाका आधी संस्थानचा.
मग सात वर्षं कुणाचाच नाही,
बांबूवर कुणी धोतरं वाळत घाली.
तरी गंगव्वा तिथं उतरे, चालत जाई.
"पाय मोकळं हुतात गं."

मग छपन्न साली बांबू पुन्हा रंगवला.
शिपाई नवा. त्याला पानं चालत नव्हती,
त्यानं बाकाखाली हात घातला.
जाताना विचारलं, "इदु यार सीटु?"
येताना पलीकडच्यानं, "कुणाची सीट ही?"
बापानं दोघांना एकच सांगितलं:
"फळी हाय साहेब. सीट न्हाई."

बाबालालनं काच वर केली,
आमच्याकडं न बघता सहाजण घेऊन गेला.
रुद्राप्पानं पुढं बापाला कामाचे पैसे दिले,
फळी परत मागितली नाही.
त्या दिवशी संकेश्वरपर्यंत आम्ही चाललो,
बापाच्या डोक्यावर फळी,
फळीच्या सावलीत मी.
सावली हलायची, मीही तिच्याबरोबर सरायची.

ती अजून आहे. दोन विटांवर टाकून
मी मिरच्यांचे देठ खुडायला बसते.
मराठी सात पुसला. एळूचा एक वळसा
ओल्या फडक्यानं घासला की दिसतो.
सून म्हणते, "आत्ती, ऐसपैस बसा की ओ."
समोर नुसती भिंत.
तरी गुडघे आत ओढलेलेच असतात,
कुणाला तरी लागतील म्हणून.