एक कान उशिरा

तपकिरी संपला होता, एवढंच.
बाकीचं लोकांनी मागाहून जोडलं:
निळा म्हणजे आकाश, निळा म्हणजे मोकळीक,
वरच्यांना कळू न देता आम्ही म्हणे काही सुचवत होतो.
सोफियातल्या त्या तळघरात, जानेवारीत,
तपकिरीचा शेवटचा डबा खरवडून झाला
आणि निळ्याचे अकरा पडून होते,
कुठल्याशा जहाजांच्या माहितीपटातून उरलेले.
साहेब म्हणाले, गाढव निळं करा.
केलं.

बुर्को त्याचं नाव.
सेकंदाला बारा बुर्को.
पारदर्शक तावाच्या तोंडावर रेघ, पाठीवर रंग,
सुती हातमोजे, बोटांची टोकं कापलेली,
आणि शेकोटी फक्त हिशेबनिसाच्या खोलीत.
मी स्तोयांका. शेवटच्या पाटीवर माझं नाव
दोनदा आलं, त्यातलं एकदा चुकीचं.

काल ओग्न्याननं तिकिटं काढली.
सेहेचाळीस वर्षांचा भाचा माझा,
आठवडाभर धुसफुसत होता,
आमच्या लहानपणाला हात लावलाच कसा यांनी!
तरी पहिल्याच दिवसाची, अगदी मधल्या रांगेतली.
सोबत त्याची येलित्सा, सहा वर्षांची,
मांडीवर तिच्याएवढाच मक्याच्या लाह्यांचा डबा.

पडद्यावर गाढव आलं.
काय सांगू, गाढवच ते.
केसन्‌केस मोजून घ्यावा, नाकपुडी ओली,
पापणीवर धूळ, आणि माश्या,
प्रत्येक माशी आपल्या मर्जीची.
रंग तपकिरी. यांचा तपकिरी संपत नाही.
मनात म्हटलं, हुबेहूब गाढवच बघायचं
तर डोंगरापलीकडे आमच्या गावी तीन होती,
फुकट दिसायची, लाथही फुकट.

ते बोललं तेव्हा दात दिसले, पिवळे, खरे.
येलित्सा माझ्या बाहीत शिरली.
अंधारात ओग्न्यान पुटपुटला,
लेल्या, मारलं गं यांनी त्याला.

मी गप्प.
कसं सांगू त्याला,
की ताव पुरत नसत म्हणून
दर शनिवारी, गरम पाण्यात सोडा टाकून,
आम्ही चौघी बाह्या सरसावून
बुर्कोला धुवायचो.
आधी पोट जायचं, मग पाय,
डोळ्यांची काळी रेघ नखानं काढावी लागे.
मोरीभर निळं पाणी.
सोमवारी त्याच तावांवर दुसरा बुर्को.
तू जपून ठेवलास म्हणतोस ना, तो
गटारातून इस्कर नदीला मिळाला, राजा,
आणि तेव्हा तू तीन वर्षांचा होतास,
टीव्हीपुढे लोळून हसत होतास.

शेवटाकडे ते तपकिरी गाढव
चढावर एकटंच थांबलं.
लांबून घंटा वाजली. त्यानं कान टवकारले,
मग पाडले.
उजवा पडला.
डावा,
जरा थांबून.

ल्युबेनची चूक होती ती.
रात्रभर दवाखान्यात, बायको बाळंत होत होती,
सकाळी येऊन काढायला बसला आणि डाव्या कानाला
दोन चित्रं विसरला.
पुन्हा काढायला कागद कुठला?
मग ती बुर्कोची खोडच झाली.
ल्युबेनला जाऊन एकोणीस वर्षं झाली.
आणि इथे, वर सरकणाऱ्या त्या चारशे नावांतलं
कुणी पोरगं, कुणी पोरगी, कुठल्या देशातली कोण जाणे,
आमचं जुनं गाढव थांबवून थांबवून
बसली असेल मोजत:
एक, दोन,
आता पाड.

दिवे लागले. ओग्न्यान कोट शोधत राहिला,
कोट त्याच्या अंगातच होता.

ट्रामच्या थांब्यावर येलित्सानं विचारलं,
तुमचं गाढव कुठल्या रंगाचं होतं?
निळं.
तिनं बराच विचार केला.
थंडी वाजायची का त्याला?

हो गं, म्हटलं. तळघर होतं ना.