पन्नास केबीच्या आत

तळोधीच्या नाक्यावर, राईस मिलच्या समोर
माझं दुकान. एक संगणक, एक प्रिंटर,
आणि मागच्या भिंतीला खिळ्यांवर अडकवलेली पांढरी चादर.
मिल सुरू झाली की कोंढा उडतो,
स्कॅनरच्या काचेवर येऊन बसतो.
मी काच पुसते, मग गुणपत्रिका पालथी ठेवते.
नाही पुसली तर
कुणाच्याही टक्केवारीवर ठिपके येतात.

फोटो पन्नास केबीच्या आत हवा.
सही वीसच्या.
माणूस केवढाही असो.

गावातल्या अर्ध्या पोरांचे पासवर्ड मला पाठ आहेत.
कुणी आईचं नाव ठेवलंय, कुणी बैलाचं.
पुष्पकला निकुरेनं ठेवलीय
त्या परीक्षेची तारीख
जी तीनदा पुढे गेली आणि मग झालीच नाही.

होमराज गेडाम पहाटे चारला धावतो
सिंदेवाहीच्या रस्त्यावर, चौघांना सोबत घेऊन,
कारण एकटा धावला तर वाघ.
वनरक्षकाची भरती.
मागच्या वेळी धावण्यात पहिल्या दहात होता,
छातीत अर्धा सेंटिमीटर कमी.
"अर्धा सेंटिमीटर म्हंजे केवढा वं?"
मी पट्टीवर दाखवलं.
तो बराच वेळ पाहत राहिला,
आणि जाताना पट्टी विकत घेऊन गेला.

यादी लागते ती रात्रीच लागते.
सकाळी शटर उघडायच्या आधी पायरीवर चार-पाच जण.
नऊशे पानांची पीडीएफ. मी नंबर टाकते.
संगणक लगेच सांगतो, सापडला नाही.
मला ते एवढ्या लवकर सांगायचं नसतं,
म्हणून मी उगाच पानं वर-खाली सरकवते,
थांब, आडनाव आधी टाकून पाहू, म्हणते.
तेवढ्यात समोरचा तयार होतो
आणि आपणच म्हणतो, राहू दे ताई, किती झाले?
यादी पाहायचे मी पैसे घेत नाही.

माझा नंबर मी शटर अर्धं ओढून पाहते.
सतरा वेळा पाहिला.
एकदा होता. प्रतीक्षा यादी, क्रमांक अकरा.
वरचे दहाही जण गेले असते तर.
त्या एका आकड्यावर मी दोन वर्षं काढली.

एकदा नागपूरला मुलाखत.
साहेबांनी विचारलं, तळोधी म्हणजे कुठं?
मी सांगत होते, ते फोन बघत होते.
"कळवू" म्हणाले.
उमरेडपासून नागभीडपर्यंत बसमध्ये
मी तो शब्द उलटासुलटा करून पाहिला,
कुठूनही आत शिरता येईना.

हिंमत कुठून आणतेस, पुष्पकलाची आई विचारते.
काही दिवस येतच नाही, काकू.
त्या दिवशी मी दुसऱ्यांचे फॉर्म भरते.
त्यांच्या नावात चूक होऊ नये
एवढी असते तेव्हाही.

काल नवी जाहिरात आली. होमराज आला.
तुझा फोटो आहे माझ्याकडं, तोच टाकते.
"नको वं, नवीन काढ.
त्या फोटोले ते ओळखतात आता."
काढला. मग तो म्हणाला, "आन् तुया?"

माझा तर बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा,
दहा वर्षांचा जुना.
त्यानं माझ्या हातातून फोन घेतला.
जिथं सगळ्यांना उभं केलं
त्या चादरीपुढं मी पहिल्यांदा उभी राहिले.
कान दिसू दे. हनुवटी वर. हसू नको.
माझीच वाक्यं, माझ्याच आवाजात, नक्कल करत.
एकोणचाळीस केबी.
कपाळावर कोंढ्याचा एक कण होता. राहू दिला.

शेवटच्या पानावर चौकट येते:
वरील सर्व माहिती खरी आहे, असे मी जाहीर करतो/करते.
मी पुन्हा वर जाऊन वाचून आले.
नाव. गाव. वय एकतीस वर्षे चार महिने.
अनुभव या रकान्यात मी आजवर
लागू नाही लिहीत होते.
ते खोडलं. लिहिलं, नऊ वर्षे.

मिल थांबली होती.
होमराज फी किती म्हणून विचारत होता,
दुसऱ्यांदा.