छत्तीसचा आकडा

एक्केचाळीस बायका, भवानी पेठेतल्या कांडप गिरण्यांवरच्या.
प्रत्येकीच्या आठ भेटी. दर भेटीला नळीत तीनदा फुंकायचं,
सगळ्यात मोठी फुंक ती नोंद.
माझ्या टेबलावर येतात ते फक्त आकडे,
फॉर्मचा गठ्ठा सोडला की शिंकाही.

प्रश्न एवढाच:
एकोणीस नंबरच्या बाईचा जानेवारीतला श्वास
तिच्याच फेब्रुवारीतल्या श्वासाचा कोण लागतो?

कोणी कोणाचं नाही, असं धरलं तर सोपं.
पण मग एक्केचाळीस बायकांच्या तीनशे अठ्ठावीस होतात
आणि नसलेली खात्री पदरात पडते.
फुकटचं आहे ते. मी घेत नाही.

सगळे सारखेच सख्खे, असंही म्हणता येतं:
पहिली भेट दुसरीला जितकी जवळ, तितकीच आठवीला.
दोन आकड्यांत मिटतं.
मला माझ्यावरून हे पटत नाही.
कालची मी आज जवळपास मीच आहे;
सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी ती
आज लक्ष्मी रोडला भेटली तर ओळख देईल,
चहाला थांबणार नाही.

उरलं तिसरं: काहीच धरू नका.
आठ गुणिले आठचा चौकोन, कर्णासकट त्याचा अर्धा,
आकडे बोलतील ते ऐका.
म्हणजे एक्केचाळीस बायकांकडे छत्तीस मागण्या!
संगणक रात्रभर फिरला, सकाळी म्हणाला, जुळत नाही.
तीन आणि सहा, एकमेकांकडे पाठ करून,
मध्ये मी, गार पोह्यांची बशी घेऊन.

संध्याकाळी अनुसया लोंढे नवे फॉर्म टाकायला आली.
मी विचारलं, पहिल्या भेटीचे आकडे इतके विखुरलेले का गं?
‘पहिल्या वेळी फुंकतंय कोण, मॅडम. हसतात.
चूल पेटवायचीय का, विचारतात.
दुसऱ्या वेळेपासून मग नीट.
आणि मार्च ते मे कोणी हाताला लागत नाही, मिरची येते.
पाचवी भेट चौथीनंतर सव्वाशे दिवसांनी आहे.
तुम्ही महिना धरलाय का?’

धरला होता.

रात्री पुन्हा बसले.
पहिल्या भेटीला वेगळं प्रचरण दिलं, हसायला जागा.
अंतर भेटींत नाही, दिवसांत मोजलं:
मध्ये जितके दिवस, तितकं नातं विरत जाईल,
पण शून्याला जाणार नाही,
कारण छाती तिची तीच,
तेवढा वाटा आठही भेटींना सारखा.

निकषात फरक पडला पावणेदोनचा.
एवढ्यावर डॉ. केळुसकर नुसती भुवई उचलतात.
वर्षाकाठी श्वास किती घटतो, तो आकडा जागचा हलला नाही.
त्याच्या दोन्ही बाजूंची खात्री मात्र
थोडी सैल झाली, उसवून परत शिवलेल्या ब्लाउजसारखी.

शोधनिबंधात या सगळ्याची एक ओळ होईल.
अनुसयाचं नाव आभारात. हसण्याचं कुठेच नाही.

एकोणीस नंबरचा पहिला फॉर्म अजून बाहेर आहे.
तीन फुंका, निळ्या पेनाने:
एकशे दहा. तीनशे. एकशे वीस.
मधली तेवढी तिने
मनापासून मारली असावी.