चार गुणांचा प्रश्न

रुवीच्या मागल्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर
आम्ही नऊजण, एक किचन, एक राउटर.
राउटर माझ्या उशाशी, कारण मी ‘शिकतोय’.
दिवसा वादी कबीरच्या दुकानात
एसीचे कॉम्प्रेसर मोजतो,
संध्याकाळी अल खुवैरची बस.
सायबर सुरक्षेत मास्टर्स, वय एकेचाळीस.
फी हप्त्याने, रियालमध्ये;
घरी सांगताना रुपयांत सांगायचं टाळतो.

डॉक्टर झुवैनांनी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं:
गोपनीयता. अखंडता. उपलब्धता.
मग म्हणाल्या, साखळीत माणूस हा सगळ्यात कच्चा दुवा.
मी वहीत उतरवून घेतलं
आणि खोलीवर येऊन पाहिले कच्चे दुवे,
ओळीने घोरणारे,
चार्जिंगच्या वायरी एकमेकांत अडकलेले.

पैसे पाठवायचं ॲप, बँक, पोरांच्या शाळेची फी,
सगळ्यांचे पासवर्ड माझ्यापाशी.
तू शिकलेला, तूच ठेव लक्षात.
कुणाला सांगू नका, हे मी वर्गात शिकतो
आणि आठजणांचं सांगितलेलं घेऊन झोपतो.

एकदा लॅबमध्ये यादी मिळाली,
तीनशे पासवर्ड, मसाल्यासारखे कुटलेले,
मूळ दाणा कुठला, कळू नये असे.
ओळखा.
वर्गातली पोरं शब्दकोश चालवत बसली.
मी लेकींची नावं घातली, पुढे जन्मसाल.
पाऊण तासात एकशे बारा.
कोणती पद्धत वापरलीस? मॅडमनी विचारलं.
म्हटलं, नऊजणांच्या खोलीत राहतो, मॅडम.

भुवड तेवढा वेगळा.
गुहागरकडचा, डक्टचं काम,
पासवर्ड स्वतः टाकायचा, स्क्रीन पोटाशी धरून.
एकदाच, तापात, माझ्या कानात सांगितला.
एका बाईचं नाव. पुढे साल, अठ्ठ्याऐंशी.
त्याचं लग्न पंच्याण्णवचं.
बायको सुगंधा, दोन्ही मुलगे.
कोण होती, विचारलं नाही.
बहीण असेल. विहिरीवर भेटलेली कुणी असेल.
नाव इथेही लिहीत नाही.

जुलैत, दुपारच्या सुट्टीत,
डबा अर्धा उघडा ठेवून भुवड गेला.
कंपनीने कागद केले, विमान केलं,
बॅग भरायची आमच्यावर सोडली:
दोन शर्ट, घड्याळ, मुलांसाठी घेऊन ठेवलेले बूट,
फोन.

सुगंधावहिनींचा कॉल आला.
भाऊ, फोनात त्यांचे फोटो असतील.
उघडायचा कसा, तुम्हाला ठाऊक असेल ना?

रात्री दोनला, राउटरच्या हिरव्या उजेडात,
मी फोन उघडला. फोटो पाहिले नाहीत.
सेटिंगमध्ये गेलो.
जुना पासवर्ड टाका. टाकला.
नवा टाका.
सुगंधा, आणि पंच्याण्णव.
पुन्हा एकदा टाका.
पुन्हा टाकला.
एकवीस वर्षं कुलुपात राहिलेलं नाव
असं दोन ओळींत पुसलं मी,
भुवडची परवानगी न घेता,
जी आता कुणाकडे मागायची होती?

सकाळी वहिनींना अक्षर अक्षर सांगितलं.
पलीकडे खूप वेळ काहीच नाही.
मला वाटलं, नेट गेलं.
मग म्हणाल्या,
लग्नात उखाणा घ्या म्हटलं तर मांडवाबाहेर पळाले होते.
कधी हाक नाही मारली हो नावाने.
अगं, ऐकलंस का, एवढंच.
तिकडे रोज नाव घेत होते म्हणजे.

मी ‘हो’ म्हणालो.
हे मात्र टाइप करावं लागलं नाही,
तोंडाने म्हणालो.

डिसेंबरच्या परीक्षेत प्रश्न आला:
गोपनीयता आणि अखंडता यांच्यात संघर्ष झाल्यास
कोणती राखाल? स्वतःच्या अनुभवातलं उदाहरण द्या.
गुण चार.
बाहेर समुद्रावरून गरम वारा,
शेजारच्या बाकावरची पोरगी भराभर लिहीत होती.
मी प्रश्नाचा नंबर घातला,
खाली रेघ मारली
आणि पुढच्या पानावर गेलो.