आणायला गाडी येते

कणकुंबीहून एकशेआठनं आणलेला भैरू
रात्री पावणेदोनला वाफेचा मास्क नाकावर घेऊन
आईच्या मांडीत बसलाय.
बरगड्या अजून आत ओढतायत, मघापेक्षा कमी.
ऑक्सिजन त्र्याण्णव. मी लिहून घेते.

हे लिहिणं सोपं.

खाली नवा कागद आहे, गेल्या महिन्यात आलेला,
सात प्रश्नांचा, कन्नडमध्ये छापलेला.
मी तो तोंडातल्या तोंडात मराठीत वळवते,
माझी आई बसवरची पाटी वळवायची तशी,
अडखळत.

घरात जेवायला पुरतं?
"हां."
भिंती ओल धरतात?
"नाही की ओ."
पोरं आजारी पडली तर जवळ कोण असतं?
"हायेत की सगळे."
परत जायची सोय?
"हाय."

चार प्रश्न, चार खुणा.
भैरूच्या स्वेटरला ओल्या भिंतीचा वास,
त्याच्या खाली चुलीचा,
त्याच्या खाली बामाचा.
वास कुठल्या रकान्यात भरायचा
हे प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

वॉर्डातून तिला दूध आणि दोन पाव मिळाले.
एक तिनं पदरात बांधला.
मी पाहिलं. मी पाहिलेलं तिनं पाहिलं.

"थोरली एकटी हाय घरात," ती म्हणाली,
मला नाही, सलाईनच्या स्टँडला.
"नऊ वर्साची. शेजारीण 'झोपायला येतो' म्हणाली,
आली का नाही, कळायला मोबाईलात पैसे नाहीत."

मग आणखी हळू:
"खरं सांगितलं तर पोराला ठेवून घेत्यात काय?"

नाही, म्हटलं. नाही ओ. कुणी नाही घेत.

मग सगळं एकदम आलं, गाठोडं सुटावं तसं.
रेशनवर नाव नवऱ्याचं आणि सासूचं;
सासू जाऊन दोन वर्सं झाली,
आणि नवरा म्हापशात बेकरीत पाव भाजतोय.
आधारावर अजून माहेर, चंदगडचं.
"बायकांना बस फुकट म्हणत्यात.
कंडक्टर कार्ड बघतो, मग मला बघतो,
मग तिकीट फाडतो.
आणायला गाडी येते बघा बाई,
न्यायला कोण येत नाही."

सीमेवर आमच्याकडे भाषणं होतात, दरवर्षी, माईकवरून.
तिची सीमा दुधाच्या धुतलेल्या पिशवीत
घडी घालून कमरेला खोचलेली.

भैरूला डोळा लागला. मास्कवर धुकं येतं, जातं.
तिनं त्याची टोपी सारखी केली
आणि वर न बघता विचारलं,
"तुमी जेवलासा काय ओ?"

हो, म्हणाले मी.
डबा कपाटात तसाच होता, झाकणसुद्धा न काढलेला.
किती पटकन आलं ते 'हो',
कुणी शिकवावं लागलं नाही.

मी चारही खुणा खोडल्या.
कागद खराब दिसतो आता, मेट्रन ओरडतील.
पुन्हा पहिल्यापासून, या वेळी प्रश्न न वाचता.

आधारचं टेबल दहाला उघडतं.
जांबोटीकडची बस सव्वासहाला.
माझी ड्यूटी आठला संपते.
या तीन वेळा एकमेकींत कशा बसवायच्या, मला माहीत नाही.
डब्यातली एक भाकरी तिच्यापुढे, एक माझ्यापुढे,
आणि डाव्या हातात फोन.
कणकुंबीच्या आशाताईंचा नंबर मिळाला, जुन्या रजिस्टरात.
पहाटेचे तीन वाजलेत.
कुणीतरी जाऊन दार तेवढं वाजवून बघा, एवढंच सांगायचंय.

रिंग होतेय.
अजून होतेय.